मांडीच्या हाडाजवळ

नर एल्क, सांबराहून थोराड हरीण, पडला तेव्हा साडेअकरा वाजले होते. गोळी नेमकी लागली होती. पन्नास पावलंही तो गेला नाही. इथवर प्रुइट यांना नावं ठेवायला जागा नव्हती.

वायोमिंगच्या या राखीव रानात बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला स्थानिक वाटाड्याशिवाय शिकार करता येत नाही. शिकार त्याची, पण मांस वाया गेलं तर दोघंही जबाबदार: त्याची शिंगं जप्त, वाटाड्याचा परवाना रद्द. प्रुइट ओहायोचे, वाटाडी मी. प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि ऑरिनमामाच्या तळावर कामाला लागले. परवान्याचं हे पहिलंच वर्ष.

मी सुरी काढली. एल्कची कातडी म्हणजे जाड गोधडी. ऊब आत कोंडून राहते आणि मागच्या मांडीत, हाडाला लागून, मांस आधी नासतं. त्यात सप्टेंबरचं कडक ऊन.

"थांब गं पोरी. रक्त दिसलं की फोटोची वाट लागते."

"अहो, कातडी आत्ता काढायला हवी."

"पाच मिनिटं! तीस वर्षं थांबलोय मी यासाठी."

त्यांनी जनावराची लोंबणारी जीभ दोन बोटांनी आत कोंबली. ओठांवरचं रक्त पुसलं. डोळ्यांत बाटलीतलं पाणी टाकलं, चमक यावी म्हणून. मग ऊन डोक्यावर आहे म्हणून ते कलायची वाट बघितली. मग शर्ट बदलला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. "मी जरा मागे सरकून बसतो, शिंगं मोठी दिसतील. तुझी सावली काढ तिथून."

दोन वाजता मी मांडीच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशी चीर पाडून तापमापक खुपसला. शंभर अंश फॅरनहाइट. माणसाला ताप भरावा तसं.

"आता खरंच पुरे करा."

"तू हुशार आहेस असं तुझा मामा म्हणाला होता. किरकिरी आहेस हे नाही सांगितलं!"

मी हसले. ते हसू आठवलं की अजून तोंड कडू होतं.

साडेचारला सुरी चालवली. पुढचे पाय ठीक होते, पाठीचं मांसही. मागच्या मांडीत हाडापर्यंत गेले आणि हिरवट-करडं, बुळबुळीत काहीतरी बोटांना लागलं. तुंबलेल्या मोरीसारखा वास. दुसरी मांडीही तशीच. शंभर पौंड तरी मांस.

प्रुइट नाक दाबून मागे सरले. "शी! कोण खाणार हे? टाक तिथंच."

सहाला मामा खेचरं घेऊन आला. वास त्याला दुरूनच कळला.

"मांड्या अस्वलानं नेल्या म्हणू."

"कुठल्या अस्वलानं?"

"रान भरलंय अस्वलांनी. त्यातलं एखादं धर."

प्रुइट खो खो हसले. मामा हसला नाही. जवळ येऊन हळू म्हणाला, "खरं सांगितलंस तर आधी परवाना तुझाच जाईल. सुरी कुणाच्या हातात होती?"

माझ्या. पाच तास. मांस का आणि कधी नासतं हे मला पाठ होतं, आणि मी उभी राहून फोटो काढत होते.

मी वनखात्याला द्यायचा शिकारीचा फॉर्म काढून गुडघ्यावर धरला आणि लिहिलं: मृत्यू साडेअकरा. कातडी काढायला सुरुवात साडेचार. मागच्या दोन्ही मांड्या नासल्या. कारण, फोटो. वाटाडीनं थांबवलं नाही.

मामानं वाचलं आणि बाजूला थुंकला. "मिळालं समाधान?"

"नाही. या मांड्या नाक्यावर वनरक्षकाला दाखवायच्यात. खेचरावर चढवू लाग."

"सडक्या मांड्या?" प्रुइट पुढे आले. "आणि माझी शिंगं?"

मामा जागचा हलला नाही. मग मीच एक मांडी मिठीत उचलली. तिच्यातलं कोमट, घाण पाणी गळ्यापासून पोटापर्यंत शर्टात झिरपलं. खेचरानं कान मागे टाकले आणि ते मला टाळून बाजूला सरलं. मी पुन्हा त्याच्याजवळ गेले.