महाराजांची गरम गादी

लाकडाच्या वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि आत उंच आसनावर, जाडजूड गादीवर अंकुरमहाराज बसलेले. त्यांनी मांडीखालून एक ओलं फडकं ओढलं, झटकन उलगडलं, आणि सगळी वखार "आहाहा!" करून उठली. फडक्यातल्या बियांना पांढरेशुभ्र कोंब फुटले होते!

"बी मेलेलं नसतं, बाळांनो, बी रुसलेलं असतं!" महाराज गरजले. "मी त्याची समजूत घालतो. माझ्या देहातली ऊर्जा त्याला देतो!"

"काय म्हणाले?" आत्याबाईंनी पाववालीला विचारलं. आत्याबाई म्हणजे तिच्या नवऱ्याची आत्या. त्यांना एका कानाने अजिबात ऐकू येत नसे, आणि दुसऱ्याने सोयीचं तेवढंच.

"ऊर्जा देतात म्हणे."

"ऊब देतात? मग बरोबर आहे. कोंबडी तरी दुसरं काय करते?"

"आत्या, हळू!" नवऱ्याने डोळे वटारले. तो महाराजांचा मुख्य सेवेकरी. दर तासाला उकळत्या पाण्याची किटली पडद्यामागे नेऊन ठेवायचा मान त्याचा. महाराजांना चहा फार लागतो, अशी त्याची समजूत.

तेवढ्यात चांभारदादा पुढे आला. "महाराज, इथून नेलेली रोपं अंगणात लावली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या."

"घरात कोणी शंका घेतली?"

"शंका नाही महाराज, सासूबाई शिंकल्या."

"तेच ते!"

पाववालीला हसू आलं नाही. तिच्या मुठीत कागदाची पुडी होती, आणि पुडीत मिरचीच्या बावीस बिया. आईच्या परसातली ती जांभळ्या देठाची मिरची दुसऱ्या कोणाकडेच नव्हती, आणि आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पंधरवड्यापूर्वी तिने दहा बिया अंगणात पेरल्या, त्या गारठ्यात कुजून गेल्या. आता ह्या गेल्या की मिरचीचं नावच संपलं.

"दे सगळ्या महाराजांकडे," नवरा म्हणाला. तिने अकरा दिल्या. अकरा मुठीतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाव करायला बसली, तर मळलेलं पीठ फुगेना. गारठ्यात ते रोजच असं रुसतं. तिने सवयीने परात भट्टीवरच्या फळीवर ठेवली, वर ओलं फडकं टाकलं, आणि हात तिथेच थांबला. पिठाची समजूत घालायला आपण कुठे कोणाला बसवतो?

तिने अकरा बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या. दोन धुराड्याला टेकवून बघितल्या, त्या भाजून निघाल्या. उरलेल्या नऊ फळीवर, धुराड्यापासून दोन हात लांब ठेवल्या. सातव्या दिवशी नवांपैकी आठांना कोंब फुटले. फळीने एक शब्दही उच्चारला नव्हता.

आत्याबाईंना घेऊन ती तडक वखारीत गेली. आत्याबाई पाया पडायला आसनाच्या पायऱ्या चढल्या आणि तोल सावरायला त्यांनी गादीच धरली.

"अगंबाई! ही तर तापलीय! महाराजांना ताप भरलाय! डॉक्टरांना बोलवा!"

"ती ऊर्जा आहे, मावशी!" महाराज ओरडले.

"जा? अशा तापलेल्या माणसाला सोडून कशी जाऊ?" असं म्हणून त्यांनी गादी जी खेचली, ती महाराजांसकट! गादीखालून गरम पाण्याची रबरी पिशवी सरकली, तिचं बूच उडालं आणि महाराजांच्या मांडीखालून पाण्याची धार लागली.

"महाराज, सांगायचंत तरी!" मागून कोणीतरी ओरडलं. "पडद्यामागे जागा होती की!"

वखार हसून हसून लोळायची बाकी राहिली. नवरा मात्र किटली घेऊन तसाच उभा. "म्हणजे... महाराज चहा पीतच नव्हते?"

पाववाली धावली ती गादीखालच्या बियांच्या फडक्यांकडे. बिया पोळल्या तर नाहीत ना, म्हणून सांडलेल्या पाण्यात बोट घातलं. कोमट होतं. तिने आपलं फडकं उचलून उलगडलं. सात कोंब शाबूत!

"हे बघा," ती वळून म्हणाली, "मिरचीला रुजायला ऊब लागते. अंगणातल्या गारठ्यात बी नुसतं भिजतं आणि कुजतं. ह्यांनी गादीखाली ठेवलं, मी भट्टीवर ठेवलं. त्यात चमत्कार कसला?"

"मग माझी रोपं का मेली?" चांभारदादाने विचारलं.

"उबेतून उचलून एकदम गारठ्यात लावलीस म्हणून. तुला कोणी झोपेतून उठवून अंगणात उघडं उभं केलं तर? आधी उन्हाच्या खिडकीत ठेवायची. पाणी बेतानं. मग रोज तासभर बाहेर, पुढे दोन तास, अशी सवय करायची. मग मातीत. सासूबाईंचा काही दोष नाही."

ह्या गडबडीत महाराज ओल्या धोतरानिशी मागच्या दाराने सटकले.

थंडी ओसरेपर्यंत नवरा न सांगता रोपांचा ट्रे उन्हात न्यायचा आणि आत आणायचा. पंधरापैकी तेरा रोपं जगली. पाववालीने दोन ठेवली आणि उरलेली अकरा रोपं अकरा घरांत वाटली. आईची मिरची पुन्हा एका पुडीत अडकायला नको.

रोप घेताना चांभारदादाने हळूच विचारलं, "वहिनी, ह्याच्यापुढे काही म्हणायचं असतं का?"

"म्हण की. मीही रोज देवापुढे बसते," ती म्हणाली. "पण रोप आधी उन्हात ठेवून ये, आणि मग बस."