वीरण्णाचं नरसाळं

मी वीरण्णाच्या अंगणातला पर्जन्यमापक बोलतोय. हे माझं कागदावरचं नाव. गावानं मला या नावानं कधी हाक मारली नाही. गावात मी 'वीरण्णाचं नरसाळं', आणि एवढं म्हणताना लोक आम्हा दोघांनाही हसून घेत.

माझा जन्म उदगीरच्या एका पत्रेवाल्याकडे झाला, बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी. वीरण्णा तेव्हा पस्तिशीचा. खेड्यात त्याचं किराणा दुकान आणि थोडी शेती. तहसीलच्या आवारात सरकारी पर्जन्यमापक होता, त्याच्या तोंडाचं माप त्यानं सुतळीला गाठ मारून आणलं होतं. गाठीला गाठ जुळेना म्हणून माझं तोंड त्यानं तीनदा उकलायला लावलं.

"शेठ, नरसाळ्याचं तोंड कोण मोजून राहिलंय?" पत्रेवाला वैतागला.

"मी मोजून राहिलो ना," वीरण्णा म्हणाला.

मग माझी जागा ठरली, अंगणाच्या मधोमध, झाडापासून लांब. खाली एक बाटली, वर मी. रोज सकाळी साडेआठला वीरण्णा यायचा, गुडघे टेकायचा, बाटलीतलं पाणी रेघांच्या काचेच्या पेल्यात ओतून डोळ्यासमोर धरायचा आणि वहीत आकडा लिहायचा. भर उन्हाळ्यातसुद्धा तो बाटली उघडून बघायचा आणि मगच शून्य मांडायचा. "न बघता लिवलेलं शून्य शून्य नसतंय," असं तो दानम्माला, त्याच्या बायकोला, सांगे. ती कपाळाला हात लावी.

शाळेतल्या पोरानं हे केलं असतं तर गुरुजींनी पाठ थोपटली असती. पण लेकीच्या बापानं अंगणात गुडघे टेकून नरसाळ्यात डोकावायचं म्हणजे काय! पारावर दिवसदिवस पत्ते कुटणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, की याचा उपयोग काय. वीरण्णाला मात्र जो तो विचारी. तो ओशाळून म्हणे, "उपयोग काही न्हाई. बरं वाटतंय." यावर लोक आणखी हसत. मला त्या हसण्याची चीड यायची, त्याला येत नसे. नऊ वर्षं लोक हसले आणि नऊ वर्षं तो लिहीत राहिला.

हसण्यापेक्षा वाईट होतं ते शेजारच्या धोंडाबाईचं बोलणं. आमच्याकडे खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. देवाचं देणं उघड मोजलं की बरकत जाते, अशी समजूत. धोंडाबाई भिंतीपलीकडून ओरडे, "ह्यो तर आभाळाचंच माप काढून राहिला. पाऊस कसा ऱ्हाईल गावात?" ज्या वर्षी पीक कमी यायचं, त्या वर्षी माणसं येता-जाता माझ्याकडे डोळे वटारून बघत. मी पत्र्याचा तुकडा. मी पाऊस अडवीन तो कसला!

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात रुद्राणीचं, वीरण्णाच्या एकुलत्या मुलीचं, लग्न जमत आलं. निलंग्याहून मुलाचे वडील महादेवप्पा बोलणीला आले. चहा झाला, पोहे झाले, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "पण ऐकू येतंय ते इचारतो, राग मानू नका. घराण्यात डोस्क्याचं काही हाय का?"

दानम्मा दाराआड रडायला लागली. सरपंच आप्पासाहेब मध्यस्थ म्हणून बसले होते. ते लगेच म्हणाले, "वीरण्णा, काढ ते नरसाळं. पोरीचंबी भलं व्हईल, गावालाबी बरकत येईल." वीरण्णानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून पुन्हा पाऊस मोजणार नाही असा शब्द दिला. मग उठून त्यानं मला पाहुण्यांदेखत उपटलं. मला त्याचा राग आला नाही, बाकी सगळ्यांचा आला.

मी दुकानातल्या खुंटीवर गेलो. लग्न थाटात झालं. अंगण रिकामं झालं म्हणून गावाला हायसं वाटलं, आणि त्याच वर्षी पाऊस गेला.

ऑगस्टात लातूर जिल्हा झाला, गावात पेढे वाटले. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसू लागले. टंचाईची पाहणी करायला नव्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक साहेब आले. ते म्हणाले, "तालुक्याला पाऊस बरा मोजला गेलाय. तुमच्या शिवारात पडला नाही, हे मी कशावरून सांगू? काही नोंद असली तर द्या, मला वर बोलता येईल."

तेव्हा सगळ्यांना वीरण्णा आठवला. दुपारी दुकानात माणसांची दाटी झाली. आप्पासाहेब सगळ्यांत पुढे होते.

"वह्या नऊ वर्षांच्या हायेत," वीरण्णा म्हणाला. "औंदाची न्हाई. तुम्हीच काढायला लावलं."

"मग लिव की आता."

"न बघितलेलं कसं लिवू?"

"पाऊस पडला न्हाई हे खरं हाय ना? मग त्यात खोटं काय?"

दानम्मा गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "जित्राबं हंबरून राहिलीत. लिवा. तुमच्या एका हट्टापायी गाव मरू द्यायचं का?" नऊ वर्षं जे खूळ होतं, त्याला आता हट्ट म्हणायचं ठरलं.

त्यानं दुकानाचं दार पुढं केलं आणि नवी वही उघडली. जून ते सप्टेंबर, एकशेबावीस दिवस. शून्य, शून्य, शून्य. खरं वाटावं म्हणून मधूनच दोन मिलिमीटर, चार मिलिमीटर. सगळं एकाच बैठकीतलं वाटू नये म्हणून त्यानं पेनही बदललं. त्याला हे सुचावं याचंच मला जास्त वाईट वाटलं. एके ठिकाणी त्याचा हात थांबला.

"दानम्मा, नागपंचमीला शिंतोडे आले होते का गं?"

"कोण ध्यानात ठिवतंय ते!" ती म्हणाली.

मग त्यानं तिथंही शून्य मांडलं.

गाव टंचाईच्या यादीत आलं. चारा आला, कामं निघाली. पारावर वीरण्णाचा सत्कार झाला, नारळ आणि उपरणं देऊन. "माणूस लांबचं बघणारा हाय," आप्पासाहेब बोलले. धोंडाबाईनं टाळ्या वाजवल्या. वीरण्णा मान खाली घालून बसला होता, लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं जुन्या नऊ वह्यांची पानं फाडून मिरची-हळदीच्या पुड्या बांधायला सुरुवात केली. दानम्मानं अडवलं, तर म्हणाला, "एक खोटी झाली की बाकीच्या नऊ कोण खऱ्या मानणार?"

माझ्यातून आता रॉकेल ओततात. तो वास जन्मभर जायचा नाही. वीरण्णा पारावर पत्ते खेळतो. त्याला सगळे शेठ म्हणतात, चार माणसांत त्याचा सल्ला घेतात. परवा आभाळ भरून आलं, सगळे ओट्यावर उभे राहिले. त्यानं मान वर केली नाही, पानं पिसत राहिला.

तुमच्या गावात असा कुणी असेल तर त्याला हसा, खुशाल हसा. हसण्यानं माझा माणूस थांबला नव्हता. फक्त हात जोडून एवढंच मागतो, त्याला शहाणा करायला जाऊ नका.