सतरा नोव्हेंबरला वाजलेल्या किल्ल्या

ऐकू आलं ना? खुळ्ळ झालं ते? तो मीच. बोलतोय म्हणण्यापेक्षा वाजतोय म्हणा, कारण गप्प बसणं मला कधी जमलंच नाही. ललिताबाईंच्या कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा, हीच माझी ओळख. सध्या मुक्काम पुंगोल, सिंगापूर. मूळ गाव विचाराल तर नागपूर.

माझा जन्म अजनीच्या रेल्वे शेडमधला. ललिताबाईंचे यजमान दादाराव तिथं फिटर होते. लग्नानंतर त्यांनी भाड्याच्या खोलीसाठी स्वतःचं पहिलं कुलूप घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत एक जाड पोलादी तार वाकवून मला घडवलं. खाली गोल कडी, वर कमरेत अडकवायला आकडा.

"बाजारातून आणला असता तर काय बिघडलं असतं?" ललिताबाई म्हणाल्या.

"बाजारातला तुटतो," दादाराव म्हणाले, आणि विषय संपला.

मी आजवर तुटलेलो नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पुढं संसार वाढला तसा मीही जड झालो. खोलीची किल्ली गेली, बांधलेल्या घराची आली. मग फाटकाची, लोखंडी कपाटाची, दादारावांच्या पेटीची. पुस्तकांच्या काचेच्या कपाटाची तर खास, कारण ते कपाट घरात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली मानानं उभं होतं. बाई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. वॉर्डाच्या किल्ल्या ड्यूटी संपली की मोजून सोपवायच्या. मी मात्र घरचा माणूस. संध्याकाळी त्या गल्लीत शिरल्या की माझा आवाज त्यांच्या आधी घरी पोचायचा. नरेश तेव्हा लहान होता, तो लगेच पतंग टाकून अभ्यासाला बसायचा. आता मोठा संशोधक झालाय, पण त्यात माझाही वाटा आहे, कुणी मान्य करो न करो.

दादाराव गेले. घर फार मोठं वाटायला लागलं. नरेश म्हणाला, "आई, तू एकटी नको राहूस, इकडं ये." घर विकलं गेलं. घेणाऱ्यानं सगळी कुलपं बदलली. बाईंनी जुन्या किल्ल्या परत द्यायला हात पुढं केला, तर तो म्हणाला, "राहू द्या जी, मला काय करायच्या?"

म्हणून आम्ही सगळे तसेच विमानात बसलो. एकाही कुलपाचा पत्ता नसलेल्या किल्ल्या आणि त्यांना सांभाळणारा मी.

सुरुवातीला इथल्याच वुडलँड्स भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो. तिथं दाराला साधं कुलूप होतं, त्याची किल्ली माझ्यात आली आणि माझी पत राहिली. बाई सकाळी खाली उतरायच्या, बाजारातून कोथिंबीर-कढीपत्ता आणायच्या, बाकावर बसलेल्या चिनी आजीबाईंशी खुणांनी गप्पा मारायच्या, आणि आपल्या हातानं दार उघडून घरात यायच्या. छान चाललं होतं हो.

मग नरेशनं पुंगोलला स्वतःचा फ्लॅट घेतला. पाण्याकाठी, मोठ्या खिडक्यांचा. आणि दाराला बसवलं डिजिटल कुलूप. बोट टेकवा नाही तर आकडे दाबा, दार उघडतं. नरेश विद्यापीठात सेन्सरवरच संशोधन करतो, त्यामुळं त्याचा आनंद काही विचारू नका. सून कस्तुरीचं बोट चाललं, नात एकताचं चाललं. बाईंनी बोट टेकवलं तर कुलूप लाल डोळा दाखवून टुक टुक करायला लागलं.

"आजी, फिंगर ड्राय आहे ला," एकता इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' जोडत म्हणाली. "ट्राय अगेन."

अगेन आणि अगेन करून झालं. उभं आयुष्य साबणानं आणि औषधाच्या पाण्यानं हात धुतलेली बाई, बोटांवर रेषा उरणार कुठून? नरेश म्हणाला, "मग आकडे पाठ कर, सोपंय."

एकदा दुपारी बाई कचरा टाकायला बाहेर पडल्या आणि मागं दार आपोआप मिटलं. आकडे आठवत होते, पण घाईत एक चुकला. मग दुसरा. तिसऱ्यांदा कुलपानं असा काही भोंगा फोडला की मजल्यावरची सगळी दारं उघडली. कुणी काही वाईट बोललं नाही, उलट एकीनं खुर्ची आणून दिली. पण बाई नरेश येईस्तोवर खाली मान घालून बसल्या होत्या, आणि मी त्यांच्या कमरेला मुकाट लटकलो होतो. घरभर किल्ल्या घेऊन बाई घराबाहेर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर त्यांनी खाली जाणंच सोडलं. गेल्याच तर कुणाबरोबर, आणि परत आल्यावर बेल वाजवून. आकड्यांना त्यांनी पुन्हा हात लावला नाही. नागपूरच्या धाकट्या बहिणीला त्या फोनवर सांगताना मी ऐकलं. "सगळे फार जपतात गं. पण आपल्याच घरी बेल वाजवायची, म्हणजे मी पाहुणीच की. सहा डिसेंबरच्या आत तिकडं येते. मग तिकडंच राहीन."

नरेशला त्यांनी तिकीट काढायला सांगितलं. तो "बघू" म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं, पण आईला थांब म्हणायला त्याला कारण सापडत नव्हतं.

अशात तो एके दिवशी कामावरून हसत हसत आला. "आई, तुझ्या किल्ल्या पाहिजेत."

"भंगारात देतोस काय?"

"नाही गं. माझ्याबरोबर काम करते ना यित्का, प्राग शहरातली, तिला पाहिजेत. रविवारी सतरा नोव्हेंबर. तिच्या देशात त्या दिवशी सुट्टी असते."

मग त्यानं सगळं सांगितलं. तिकडं एकाच पक्षाची सत्ता होती, बरीच वर्षं, निवडणूक नावापुरती. एका सतरा नोव्हेंबरला विद्यार्थी मोर्चा काढून निघाले आणि पोलिसांचा मार खाऊन आले. पण त्यांनी उलट हात उचलला नाही. मग दुसऱ्या दिवसापासून म्हातारेकोतारे, बायाबापड्या, कामगार असे सगळे चौकात जमायला लागले. कडाक्याची थंडी. हातात काय, तर खिशातल्या घराच्या किल्ल्या. हजारो लोकांनी त्या डोक्यावर धरून वाजवल्या आणि राज्यकर्त्यांना सांगितलं, झालं तुमचं, आता घरी जा. आणि काही आठवड्यांत ते खरंच गेले. यित्का तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसलेली पोर होती. तेव्हापासून दर वर्षी, जिथं असेल तिथं, ती त्या संध्याकाळी किल्ल्या वाजवते.

"मग यंदा काय अडलं?" बाईंनी विचारलं.

"ती यंदाच इथं आलीय, आणि तिच्याकडं किल्लीच नाही. तिचा फ्लॅट कार्डावर उघडतो, लॅब कार्डावर, सायकल मोबाइलवर. तिच्या देशातलं ओळखीचं एक जोडपं इथं आहे, त्यांचंही तेच. ती म्हणाली, सिंगापूरमध्ये कुणाकडं किल्ली आहे का? मी म्हटलं, माझ्या आईकडं आख्खा जुडगा आहे."

बाईंनी कमरेला हात लावून मला चाचपलं. मग म्हणाल्या, "आपल्याकडं भाववाढ झाली तेव्हा आमच्या आयाबायांनी थाळ्या बडवल्या होत्या. यांनी किल्ल्या. ज्याच्या हाताशी जे असेल ते. बोलाव त्यांना जेवायला. पाटोडीचा रस्सा करते."

रविवारी यित्का आणि ते जोडपं आलं. यित्का उंच, लाजरी. दारातच तिनं हात जोडले, आणि ललिताबाईंनी मला कमरेतून काढलं. माझी कडी त्यांनी कधी पूर्ण रिकामी केली नव्हती. त्या दिवशी एकेक किल्ली ओढून काढायला लागल्या तसा मी हलका होत गेलो. वाटलं, आता मी नुसती वाकडी तार.

"ही फाटकाची," त्या इंग्रजीत सांगत होत्या, दवाखान्यात शिकलेल्या सरळ इंग्रजीत. "ही पुस्तकांच्या कपाटाची. ही माझ्या मिस्टरांच्या पेटीची, ही जपून धर." यित्कानं पेटीची किल्ली दोन्ही हातांत घेतली.

सगळे उभे राहिले. यित्कानं हात वर करून किल्ली हलवली. आवाजच नाही. तिच्या मित्रानं हलवली. कसला आवाज येतोय. एकटी किल्ली वाजत नाही, हे मला विचारलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. वाजायला शेजारीण लागते.

हशा पिकला. "प्रत्येकाला निदान दोन तरी लागतील," कस्तुरी म्हणाली. "नरेश, शेल्टरमध्ये बघ."

इथं प्रत्येक घरात जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते, संकटात लपायला. आजवर संकट आलं नाही, म्हणून सगळ्यांनी तिथं अडगळ भरली आहे. नरेश आत शिरला, खोके उपसले आणि मूठभर किल्ल्या घेऊन आला. पत्रपेटीची, दोन बॅगांच्या, एकताच्या सायकलची, आणि कुठल्याशा खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या दोन कोऱ्या करकरीत. पाकीट दातांनी फाडून त्यानं त्याही वाटून टाकल्या.

आणि मग काय वाजलं म्हणता! नागपूरच्या फाटकाची किल्ली पुंगोलच्या पत्रपेटीच्या किल्लीवर आपटत होती. एकता सोफ्यावर चढून दोन्ही हातांनी वाजवत होती. यित्का हसत होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते, आणि तिला ते पुसायचेही नव्हते. ललिताबाईंच्या हातात दोन किल्ल्या आणि मधल्या बोटात मी, रिकामा. तरी मी वाजलो. असा आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

जेवणं झाली, पाहुणे गेले. जाताना यित्का बाईंच्या गळ्यात पडली. मग बाई टेबलावर किल्ल्या गोळा करायला बसल्या. ड्यूटी संपताना वॉर्डाच्या तपासायच्या तशा त्यांनी एकेक तपासून माझ्यात ओवली. शेवटी त्या दोन कोऱ्या उरल्या.

"या कुठल्या रे?"

"अगं असेल कशाची तरी," नरेश म्हणाला.

"कशाची तरी म्हणून किल्ली नसते. खोकं आण बरं."

नरेशनं शेल्टरमधून खोकं आणलं. त्यावरचं चित्र पाहिलं आणि तो आहे तिथंच उभा राहिला. मग दाराकडं गेला, उकिडवा बसला, आणि डिजिटल कुलपाच्या बुडाशी असलेलं बोटभर झाकण नखानं सरकवलं. आत किल्लीचं भोक होतं. कधी बिघाड झाला तर असावी म्हणून कंपनीनं ठेवलेली सोय. कुलूप बसवलं तेव्हापासून ते भोक तिथंच होतं.

"आई," तो म्हणाला, "इकडं ये."

बाई आल्या. मला हातात धरून त्यांनी कोरी किल्ली घातली आणि फिरवली. टुक टुक नाही, लाल डोळा नाही. खट्. दार उघडलं.

नरेश जमिनीवरच बसून राहिला. "मी सेन्सरवर शोधनिबंध लिहितो गं आई. मला भोक दिसलं नाही. चुकलं माझं."

"हाव," ललिताबाई मान डोलावून म्हणाल्या. "लहानपणीही तुला समोर ठेवलेला डबा दिसत नव्हता." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

तिकडच्या लोकांनी किल्ल्या वाजवून कुणाला तरी जा म्हटलं होतं. आमच्या घरी त्याच दिवशी, त्याच आवाजात, कुणाला तरी राहा म्हणणं झालं.

दुसऱ्या दिवशी बाई एकट्या खाली गेल्या. पाण्याकाठी बसल्या, कढीपत्ता घेतला. रिकाम्या घराचं दार आपल्या हातानं उघडलं आणि पहिला फोन बहिणीला केला. "अगं, तिकीट जायचं-यायचं दोन्ही काढतेय. सहा डिसेंबर करून परत येईन. माझ्याजवळ घराची किल्ली आहे."

आता मी पुन्हा जड झालोय आणि मजेत आहे. जुन्या किल्ल्या काही उघडत नाहीत, पण त्या शेजारी असल्या म्हणजे नवी वाजते. तुमच्याही घरात कुणी म्हातारं माणूस बेल दाबून बाहेर थांबत असेल, तर जरा वाकून कुलपाच्या बुडाशी बघा. एवढंच माझं मागणं.

बरं, निघतो. लिफ्टचं दार उघडलंय आणि आम्ही मजल्यावर आलोय. बेल कुणी वाजवलेली नाही, तरी आतून एकताचा आवाज येतोय.

"बाबा, आजी आली."

(खुळ्ळ.)