छाटलेल्या बोरीची विनवणी

मित्रांनो, मी कुंभारीतल्या संगमेशच्या परसातली जुनी बोर आहे. नमस्कार नाही केलात तरी चालेल, पण मला सरपण म्हणू नका.

संगमेशच्या आईनं, चंद्रव्वानं, स्वतःच्या लग्नाच्या वर्षी मला लावलं. माझी बोरं साऱ्या आळीनं दगड मारून खाल्ली आणि काटे टोचले म्हणून शिव्याही मलाच दिल्या. यंदा संक्रांतीला तिच्या नातीचं, सृष्टीचं बोरन्हाण झालं. पोरीच्या डोक्यावरून ओतली ती बोरं माझीच. सून भुवनेश्वरी म्हणाली, "लई गोड हाय आपली बोर!"

आपली म्हणाली. मी ते विसरले नाही.

त्याच महिन्यात तिनं मोबाइलवर फोटो बघून आलुबुखारचं रोप मागवलं. थंड डोंगरातून आलेली नुसती काडी!

"भुवना, आपल्या उन्हात हे नांदायचं न्हाय," चंद्रव्वा म्हणाली.

"आत्ती, फळाचा रंग तरी बघा की!"

"रंग काय चाटायचाय? बरं, लाव. साल नखानं खरवडून बघत जा. खाली हिरवं दिसलं तर जित्तं हाय."

भुवना रोज त्या काडीला नख लावायची. मला कधी कुणी लावलं नाही. मला काय धाड भरली होती!

चैत्रात चंद्रव्वानं माझी छाटणी केली. दरवर्षी ती फांद्याच छाटते, पण यंदा मी म्हातारी झाले म्हणून पार खोडापर्यंत छाटलं. असं केलं की बोरीला नवं फुटतं. पण हे कुणाला न सांगता ती लेकीच्या बाळंतपणाला अक्कलकोटला गेली.

मे महिन्यात आलुबुखार करपलं. भुवनानं नख लावलं, तर आत तपकिरी. ती रडायला लागली.

"रडू नको," संगमेश म्हणाला. "बोर बी वाळलीच की. ती काढू आन् तितं दुसरं आलुबुखार लावू."

"आत्तीला इचारायचं का?"

"बाळंतिणीच्या गडबडीत कशाला? उगं जिवाला लावून घेईल."

अरे, मी वाळलेली नाही! माझ्या सालीखाली मोहरीएवढा कोंब फुगला आहे. सगळा जीव तिथं लावते आहे, पण तो बाहेर येत नाही.

आज कुऱ्हाड घेऊन लाकूडतोड्या मल्लप्पा आला आहे. कुऱ्हाड मलाच टेकवून ओट्यावर चहा पितो आहे. भुवना येऊन माझ्या खोडावर हात ठेवून उभी आहे. तिचे डोळे त्या मेलेल्या काडीकडे आहेत.

मित्रांनो, बोडकं झाड दिसलं म्हणून ते मेलं असं ठरवू नका. तोडायच्या आधी नखभर साल खरवडून बघा. आणि आत्ता कुणी जवळ असाल तर तिला हाक मारा, मला तोंड नाही.

मल्लप्पाचा चहा संपत आला. भुवना, अगं बाई, नख लाव की!