हिंमतरावांचा नेम

हिंमतरावांनी ड्रायव्हर, गोल्फची लांब काठी, खांद्यामागे नेला आणि त्याच क्षणी सादिकचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. पाय डावीकडे वळले होते. सकाळपासून त्याने दोनदा सरळ करून दिलेले पाय जुन्या सवयीने पुन्हा पळसाच्या दिशेला लागले होते, आणि पळसाखाली, दीडेकशे पावलांवर, धुळाप्पा मेंढरं घेऊन उभा होता.

दांडा वर गेला. तो खाली यायला अजून वेळ आहे.

*

बेंबळीबाहेरचा हा माळ हिंमतरावांच्या खडी क्रशरला लागून आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना गोल्फचं वेड लागलं. सादिक चौदा वर्षं पुण्याच्या एका क्लबात कॅडी होता, साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे हिंडायचा. आई, सकिनाबी, अंथरुणाला खिळली म्हणून तो गावी परतला, आणि हिंमतरावांना घरबसल्या गुरू मिळाला. तिसरे शंभुलिंग गुरुजी. ते निवृत्त झाल्यावर पाय मोकळे करायला म्हणून यायचे. मग त्यांनीही एक दिवस काठी हातात घेतली.

हिंमतरावांचा बॉल उजवीकडे पळायचा. कसाही मारा, हवेत वळून उजवीकडेच. आठ महिने सादिकने त्यांची मनगटं वळवून पाहिली, कोपर दाबून पाहिलं. शेवटी त्याने सोपा उपाय काढला: नेम डावीकडच्या पळसावर धरायचा. बॉल पळसाकडे निघायचा, वळायचा आणि माळाच्या मधोमध पडायचा.

धुळाप्पाने हे पंधरा दिवस पाहिलं. चाळीस वर्षं तो याच माळावर मेंढरं चारत होता.

"सायब जिकडं नेम धरतेत, तिकडं बॉल कंदीच जात न्हाय," तो सादिकला म्हणाला. "म्हंजे तीच जागा चांगली की."

"व्हय मामा," सादिक हसत म्हणाला होता. "तिथंच उभं ऱ्हावा. तिथं तुमाला मरणबी सापडायचं न्हाय."

तेव्हापासून धुळाप्पा पळसाखाली.

*

दांडा अजून वर आहे.

*

आज सकाळी हिंमतरावांनी जुना ड्रायव्हर सगळ्यांच्या देखत खडकावर आपटला. पाचव्या घावाला त्याचं डोकं निखळून उडालं, तरी ते उरलेला दांडा आपटतच राहिले. मग गाडीतून नवा काढला. त्याचं डोकं लहान पपईएवढं.

"ह्यो माफ करतो म्हणं. बॉल मधी लागू दे, कडंला लागू दे, सरळच जातो."

"मग माणसानं करायचं काय?" गुरुजींनी विचारलं.

"तुमी कवा काय केलंय, गुरुजी? खडूच धरला की जल्मभर!"

गुरुजींनी पहिला फटका मारला. बॉल अगदी टोकाला लागला, बद्द आवाज झाला, आणि तरीही तो सूत धरल्यासारखा सरळ गेला. गुरुजी स्वतःच थक्क.

"पस्तीस वरसं पोरांना मारलं. असला सरळ फटका कंदी बसला न्हाय."

हिंमतरावांचे दोन फटकेही सरळ गेले. दोन्ही वेळा सादिकने वाकून त्यांचे पाय लावून दिले होते. पण गुरुजींचा बॉल दहा पावलं पुढे पडला होता.

"क्रशरवाल्याला खडूवाला भारी पडला म्हणायचा!" गुरुजी हसले.

हिंमतरावांचे कान लाल झाले. सादिक पुन्हा वाकला, तसा त्यांनी त्याला गुडघ्याने बाजूला ढकललं.

"सरक. माझं मी बघतो."

हातांवर थुंकून त्यांनी मूठ आवळली. पाय आपसूक पळसाकडे वळले. काठी नवी होती, सवय जुनी. धुळाप्पालाही काठी बदलल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

सादिकला दिसलं. एक हाक पुरली असती.

पण साहेब काठी उचलतो तेव्हा कॅडीने बोलायचं नसतं. पुण्यातल्या पहिल्याच आठवड्यात, एका साहेबाची काठी वर असताना तो खोकला होता. साहेब चार पावलं चालत आला आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की तीन दिवस त्या कानात शिट्टी वाजत होती. त्यानंतर चौदा वर्षं, काठी हवेत असताना सादिकचा श्वाससुद्धा कुणाला ऐकू गेला नाही. तोंड आपोआप मिटायचं.

आताही मिटलं.

दांडा खाली आला.

*

"सरळ!" हिंमतराव ओरडले. "बघा गुरुजी, कसा सरळ—"

धुळाप्पा एका कोकराला वळवत होता. बॉल त्याच्या कानशिलावर बसला. आवाज इकडे पोचेपर्यंत तो खाली बसलेलाही होता, वहाणेतला काटा काढायला बसावा तसा. मग आडवा झाला. मेंढरं फाकली आणि पुन्हा त्याच्याभोवती गोळा झाली.

तिघं धावत पोचले तेव्हा गजराबाई ओढ्याकडून आलेली होती. नवऱ्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं. कानातून रक्त येत होतं. एक डोळा उघडा होता.

"मधी कशाला उभा ऱ्हायला?" हिंमतरावांना धाप लागली होती. "आं? येवढा माळ पडलाय मोकळा! दिसत न्हाय का भडव्याला?"

गजराबाईने डोकं अलगद घोंगडीवर ठेवलं. ती उठली. विहिरीवर दुसऱ्या बाईच्या हातातली कळशी घ्यावी तसा तिने हिंमतरावांच्या हातातला ड्रायव्हर घेतला आणि त्यांच्या नडगीवर हाणला.

हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. हिंमतराव बसले. दुसरा बरगडीवर. तिसरा, डोकं झाकायला वर धरलेल्या हातांवर. एकही घाव काठीच्या मधोमध बसला नाही. कधी कड लागली, कधी नुसता दांडा. पण प्रत्येक घाव पोचला. गुरुजींनी तिला मागून कव घातली, तर त्यांच्यासकट ती पुढे सरकली.

"सादिक! सांग तिला!" हिंमतरावांच्या तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती. "तूच व्हतास ना मागं? तू बघितलंस की सगळं!"

काठी वर होती. सादिकचं तोंड मिटलेलं होतं.

गजराबाईनेच ती खाली टाकली. धुळाप्पाच्या घशातून आवाज आला होता.

*

गुरुजींची गाडी लहान होती. मागच्या सीटवर गजराबाईच्या मांडीवर धुळाप्पाचं डोकं, सादिकच्या मांडीवर पाय. माळावर हिंमतराव नडगी धरून पडले होते आणि मेंढरं त्यांच्याभोवती जमू लागली होती.

"डोळं मिटायलेत," गजराबाई म्हणाली. "सादिक, बोल त्यांच्यासंगं. झोपू देऊ नको. माझ्या तोंडातनं शबूद निघंना."

"काय बोलू, मामी?"

"कायबी. कानात आवाज जाऊ दे."

सादिक बोलू लागला. मेंढरांचं बोलला. काळ्या मेंढीला यंदा जुळी झाली त्याचं बोलला. आपल्या लेकीला, अलिजाला, दहावीत किती मार्क पडले, सकिनाबी रात्रभर कुणाकुणाची नावं घेते, धाराशिवचा दवाखाना आता किती जवळ आला, तेही सांगितलं. तो अडला की गजराबाई मान वर करायची आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. त्याच्या तळहातातले पाय गार पडत चालले होते. मेंढरांचं संपलं. घरचं संपलं. पुण्याचं बोलून झालं, त्या थपडेचंही. पुढे काही उरलं नव्हतं. एवढंच उरलं होतं.

"मामा, म्या बघितलं व्हतं. सायबाचं पाय वळल्यालं बघितलं. तुमी तिथं उभं व्हतात ते बी बघितलं. येळ व्हता, मामा. हाक मारायला लई येळ व्हता."

गुरुजींचा पाय ब्रेकवर गेला आणि लगेच उचलला गेला. रक्त टिपणारा गजराबाईचा हात जागच्या जागी थांबला. खिडकीतून एक पेट्रोल पंप गेला, एक मंगल कार्यालय गेलं.

मग हात पुन्हा टिपू लागला.

"बोल पुढं," ती म्हणाली. "ऐकायलेत ते."