गायिकेचा रकाना

लोह्यात वीरेशचं मोबाईलचं दुकान. गिऱ्हाइकाला गाणी भरून द्यायची, तर प्रत्येक गाण्याच्या पोटात दुकानाचं नाव घालूनच, ही त्याची हुशारी. गायकाच्या रकान्यात ‘वीरेश मोबाईल’ असं त्याचं सॉफ्टवेअर आपोआप चिकटवायचं. फुकटात जाहिरात! गडी स्वतःवर भारी खूश होता.

एका दुपारी त्याच्या ओळखीच्या सत्यमची आई पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आली. घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी तिचे पाळणे वीरेशनंच रेकॉर्ड करून दिले होते. आता तिला धड बोलताही येत नव्हतं.

“लातूरला नातीचं बारसं झालं,” ती घसा दाबून कुजबुजली. “टीव्हीवर माजा पाळणा लावला. व्याही पडद्यावरचं नाव वाचून म्हनले, हा वीरेश कोन? आवाज तर बाईचा हाय! समदे हसले. मला वाचता येत न्हाई बाबा. मला वाटलं, माजंच नाव आसंल.”

वीरेशचं तोंड एवढंसं झालं. टीव्हीची काय चूक? रकान्यात होतं तेच त्यानं दाखवलं.

“आत्ता बदलतो, मावशी.” त्यानं घाईघाईनं पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, स्वतःचं नाव पुसलं, आणि बोटं थांबली.

काय लिहायचं? रेकॉर्डिंगच्या वेळी तिला चहा पाजून त्यानं सगळं विचारलं होतं. पाळणे कुणाकडून शिकली, माहेर कुठलं. नाव तेवढं राहिलं होतं. सत्यमची आई, नाहीतर मावशी, यावर आजवर भागत आलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मावशी… तुमचं नाव?”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग घशावर हात ठेवून, सगळं बळ एकवटून नाव कुजबुजत नाही, मोठ्यानं सांगायला गेली. ओठ हलले, नुसती हवा बाहेर आली. तेवढ्यानंच तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तिला पुन्हा बोलायला लावायचं? की तिच्यादेखत सत्यमला फोन करून त्याच्या आईचं नाव विचारायचं? कोणत्या तोंडानं? वीरेशनं मान डोलावली, जणू कळलंच, आणि रकान्यात ‘मावशी’ एवढंच लिहिलं.

“लिव्हलंस?”

“हाव.”

ती पुढं वाकली. पडद्यावरच्या त्या अक्षरांवरून तिनं हलकेच बोट फिरवलं.

“चांगलं दिसतंय की रं,” ती कुजबुजली, “माजं नाव.”