धुराची कडा

ठिपका तिने नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही. म्हणजे तो पडद्याच्या काचेवरचा नव्हता, उपग्रहाच्या चित्रातलाच होता. डोंगरातला वणवा आठवडाभर पेटलेला, पण उत्तर उतारावरचा हा ठिपका काल संध्याकाळी नव्हता. पुढच्या चित्रात त्याला शेपूट फुटलं, त्याच्या पुढच्यात ते लांबलं आणि पूर्वेकडे वळलं...

"ढग आहे तो," शेजारच्या टेबलावरून आवाज आला. दिसेल त्याला ढग म्हणायच्या खोडीमुळे ऑफिसात त्याचं नावच ढगोबा पडलं होतं.

"ढगाला असं जमिनीत मूळ नसतं."

"मग धूर. काढ रेघ आणि जेवायला चल."

"तू हो पुढे."

तो झाला पुढे. माणसं होतातच पुढे, आपण म्हणायचा अवकाश.

धुराभोवती रेघ काढणं हे तिचं काम. दाट कुठवर, विरळ कुठवर, संपला कुठे. त्या रेघेवर शाळा मुलांना घरी ठेवायचं की बोलवायचं ते ठरवत, आणि तिला मात्र रेघ काढताना दर वेळी वाटे की अशी कडा काही नसतेच, धूर संपत नाही, नुसता दिसेनासा होतो — आणि आपण दिसेनासं झालेल्याला संपलं म्हणतो.

पूर्वेच्या दरीत पांढरं साचलेलं होतं. धुकं. हा सगळा आठवडा तिने त्याला धुकंच म्हटलं होतं आणि रेघ अलीकडे थांबवली होती. पण आता ऊन डोक्यावर आलं होतं, आणि धुकं उन्हाने उठतं... हे उठलेलं नव्हतं.

वरून नुसतं पांढरं दिसतं. ते उंच तरंगतंय की माणसांच्या नाकातोंडात जातंय, हे उपग्रहाला कळत नाही. दरीतल्या गावाचं हवा मोजायचं यंत्र बंद पडलेलं. अशा वेळी गावात कुणाला तरी फोन करून विचारायचं असतं. तिच्या ओळखीचं त्या गावात एकच माणूस होतं.

ताई. दम्याची ताई. लहानपणी एका पांघरुणात झोपताना ताईच्या छातीतली बारीक शिट्टी थांबली की हीच दचकून जागी व्हायची. नंतर कधीतरी... भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. तसं काहीच झालं नव्हतं. आई गेली, मग फोन सणावारी, मग वाढदिवसाला, मग या वाढदिवसाला नाही. तिने नंबर लावला, आणि कामाचाच फोन आहे, असं स्वतःला बजावलं.

"ताई, मी बोलतेय."

"कोण झालं आजारी?"

"कुणी नाही गं. तिकडे... धुराचा वास येतोय का?"

ताई हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. तो बराच वेळ थांबेना.

"वास विचारायला फोन केलास होय! येतोय की. सोमवारपासून. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबलेत. पण तुमच्या नकाशात इथे काहीच नाही म्हणे, म्हणून म्हटलं, आपल्यालाच भास."

"भास नाही, ताई. मला धुकं वाटलं."

"वाटणारच. तू लांबून बघतेस."

टोचायला म्हणाली की समजूत घालायला, ते कळलं नाही. "माझ्याकडे ये," ही बोलून गेली. तसं बोलायचं ठरलेलं नव्हतं. "आजच नीघ. वारा वळला तर घाटात समोरचं दिसणार नाही."

"बघते," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिने रेघ दरीवरून पलीकडे नेली, आत 'दाट' असं लिहिलं आणि नकाशा पाठवून दिला. हात मात्र फोनवरच राहिला. आई 'बघते' म्हणायची तेव्हा त्याचा अर्थ हमखास 'नाही' असायचा. ताईचा काय असतो? एका पांघरुणात वाढूनही ते ठाऊक नाही... चित्र सरकत होतं आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. मनाने ती आपल्या घरातल्या मागच्या खोलीत होती, जिथे घर घेतल्यापासून न उघडलेली खोकी पलंगावर तशीच रचलेली होती. ती खाली उतरवायला हवीत. पलंग भिंतीकडे सरकवायला हवा; खिडकीतला वारा ताईला सोसायचा नाही. आणि उशा? ताईला दोन लागतात, बसल्यासारखं झोपावं लागतं तिला — की आता तीन लागत असतील? विचारायला हवं होतं.